तोंडाले रंग नाही

जिता होता तवा मी कधी त्याचं नाव घेतलं नाही. 'अवो' म्हणत होती, नाहीतर 'मैत्रेयीचे बाबा'. आता घेते. बळीराम. बळीराम फोटोवाला. मेल्यावर कोण अडवते? माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढं सांगतानी माह्या तोंडातून तसं निघन याचा मले भरोसा नाही.

मूळचा मुकुटबनचा. दहावी हुकली अन् पांढरकवड्याले येऊन चंद्रशेखरबाबूच्या स्टुडिओत कामाले लागला. चंद्रशेखरबाबूच्या घरातले सगळे हापिसातले लोक, शिकलेले. बाबूले फोटोचा शौक, म्हणून दुकान. त्यानंच बळीरामले ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर रंग चढवाले शिकवलं. चार वर्षांत बळीराम बाबूच्याही पुढं गेला. हे मी नाही म्हणत, बाबू स्वतः म्हणे.

ते काम असं. फोटो खरबरीत कागदावर काढाचा, कारण चकचकीत कागदावर रंग बसत नाही. त्याच्यावर टर्पेंटाइनचा हलका हात फिरवाचा. मंग काडीले कापूस गुंडाळाचा, ट्यूबीतला रंग टिपाचा अन् गोल गोल घासत चढवाचा. रंग पातळ राह्यते, खालचा फोटो त्याच्यातून दिसते. साडीचा रंग हातावर गेला की कोरा कापूस घेऊन पुसून काढाचा. बांगड्याच्या कडेले, बोटाच्या मधात, तथी खरी परीक्षा. बळीरामचा हात असा की एका पदराले दोन दोन घंटे लावे अन् रेष हलू देत नव्हता. कापूस मी आणत होती. जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांतून सडकेवर गळते, काट्याले अडकते, तो वेचाचा, सरकी काढाची अन् डब्यात भरून ठेवाचा. आमच्याकडं वावर नव्हतं, पण घरात कापूस नाही असा दिवस गेला नाही.

रंगाच्या पेटीत बारा ट्यूबा होत्या. एकीवर इंग्रजीत 'फ्लेश' लिहिलेलं होतं. मी विचारलं तर म्हणे, अंगाचा रंग. मी झाकण काढून पाह्यलं. गुलाबी, साय मिसळल्यावानी.

"कोणाच्या अंगाचा हो हा?" मी म्हणली.

"म्हणूनच मी ते ट्यूब वापरत नाही," तो म्हणे. "रंग लुगड्याले द्याचा, फुलाले द्याचा. तोंड आपण रंगवाचं नाही. तोंड जसं आलं तसं."

तो काळा. मी त्याच्याहून काळी. नवी नवरी होती मी, बाप्पा, मले ते बोलणं इतकं आवडलं की काय सांगू. आमचं लग्न पांढऱ्या कपड्यात झालं, आमच्यात तसंच असते. लग्नाचा फोटो त्यानं मोठा केला अन् फक्त माह्या हातातल्या झेंडूले रंग दिला. बाकी सगळं काळं-पांढरं, अन् मधात तेवढा पिवळा झेंडू. पुढं स्वतःचं दुकान टाकलं, बसस्टँडजवळ, तवा तोच फोटो काचेत लावला. मोटारीची वाट पाहणारे लोक थांबून पाहत. कलर रोल आला, साऱ्या दुनियेनं कलर फोटो काढले, पण माह्या फोटोसाठी तो ब्लॅक अँड व्हाइटचाच रोल घाले. 'तू त्याच्यातच चांगली दिसतं,' म्हणे. मले वाटे, किती जीव हाय माह्यावर. पंचवीस वर्षं वाटलं मले तसं. इतकी भोळसट मी कशी राह्यली, ते मलेच उमजत नाही.

कलर रोलनं त्याचा धंदा बसवला हे खरं. पासपोर्ट अन् शाळेच्या ग्रुप फोटोवर घर चाले. मंग आले कापसाचे ते साल, दोन हजार चार, पाच, सहा. त्याच्याबद्दल मी नव्यानं काय सांगू? मोठमोठे कॅमेरे घेऊन दूरदूरचे लोक आले अन् गेले. मी फक्त दुकानातून काय दिसे ते सांगते. कापसाचा भाव पडला अन् आमच्या दुकानात गर्दी झाली. दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक. एक भिंतीवर हार घालून लावाच्या फोटोचे, ज्याईच्या घरच्या माणसानं जीव दिला ते. लग्नातल्या घोळक्यातून एक मुंडकं दाखवत, 'एवढंच मोठं करून द्या' म्हणत. त्याईच्याशी बळीराम जास्त बोले नाही. दुसरे पोरीचे बाप.

पोरीच्या बापापाशी त्या सालांत द्याले काहीच राह्यलं नव्हतं. मंग सगळा भार त्या एका फोटोवर. फोटो पाहून पाहुणे दारात तरी आले पाहिजे. बाप काउंटरवर टोपी काढून ठेवत अन् हळूच म्हणत, "बळीरामभाऊ, पोट्टी जरा उजळ येऊ द्या." पोट्टी तथीच बाजूले उभी, पावडर थापलेली, खाली मान घालून. सगळ्याच जातीचे येत. आमचेही. धम्म घेतला, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, अन् सून मात्र गोरी पाहिजे. थू.

दुसरे फोटोवाले लाइट मारून मारून पोरीईले पिठाच्या बाहुल्या करून देत. बळीरामले ते करवे ना अन् गिऱ्हाईक सोडवे ना. एक दिवस त्यानं जुना रोल टाकून एका पोरीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. तोंड अन् हात तसेच ठेवले, करडे. साडीले मात्र असा रंग चढवला की मोर झक मारन. काठ सोनेरी, चोळी हिरवी, केसात लाल फूल. फोटो पाहून बाप उडालाच. पोरगी काळी की गोरी, काही कळे ना! अन् दिसे असं, की मोठ्या शहरातली फॅशन हाय.

"हे फसवणं नाही काय?" मी विचारलं.

"मी खोटं सांगून नाही राह्यलो," तो म्हणे. "मी फक्त सांगून नाही राह्यलो."

मले पटलं. खोटं कायले बोलू, मले त्याचा अभिमानच वाटला. दोन वर्षांत झरी, केळापूर, पार महागावपर्यंत त्याचे फोटो गेले. लोक दुकानात येऊन नुसतं 'बळीरामवाला फोटो' म्हणत. चंद्रशेखरबाबूचा पोरगा सलील, त्यानं तवा नुकताच कॉम्प्युटर आणला होता. तो पाहाले आला अन् म्हणे, "काका, याले आता सिलेक्टिव्ह कलर म्हणतात. माझ्याकडं बटणावर होते." बळीराम हसला. म्हणे, बटणाले कापूस कोण गुंडाळन?

आमची मैत्रेयी तवा बावीस वर्षांची होती. नर्सचं शिकून आली होती, तोंडाची फटकळ, माह्यावर गेलेली. रंगानंही माह्यावर. सोयरीक जमवणारे आमचे बापूजी, नात्यानं बळीरामचे चुलतमामा. एसटीत कंडक्टर होते, आता त्याच चामडी पिशवीत तिकिटाऐवजी पोरापोरीचे फोटो घेऊन गावोगाव फिरत. त्याईनं फुलसावंगीचं स्थळ आणलं. पोरगा संघदीप, शाळेत मास्तर. माय नंदाबाई, घरात तिचाच शब्द. हुंडा नको म्हणत होते. अशा स्थळाले कोण सोडते?

बळीरामनं पोरीले बसवलं अन् आपला सगळा जीव त्या फोटोत ओतला. निळी साडी, तिच्यावर चांदीची बुट्टी. एकेक बुट्टी टाचणीच्या टोकाले कापूस गुंडाळून रंगवली. तोंड करडं. मैत्रेयी म्हणे, "बाबा, माहा साधा कलर फोटो काढा ना." तो म्हणे, "मी साऱ्या दुनियेच्या पोरीईले देतो अन् माह्या पोरीले साधा देऊ?"

आठ दिवसानं बापूजी आले. चहा घेतला नाही. फोटोचं पाकीट काउंटरवर ठेवलं.

"नंदाबाईनं नुसता वरतून पाह्यला," ते म्हणे. "म्हणे, बळीरामवाला हाय ना? मंग पोरगी पाहाले कायले जाचं? काळी असन तिचाच असा काढतेत."

"असं त्याच म्हणतात काय?" बळीरामनं विचारलं.

"लेका, सगळेच म्हणतात. दीड साल झालं. तुह्या तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढंच. मी तर आता तुहे फोटो पिशवीत सगळ्यात खाली ठेवतो."

मी तथीच कापसाची सरकी काढत बसली होती. बळीराम उठला, मागच्या खोलीत गेला अन् निगेटिव्हचे डबे काढून बसला. एकेक काढे अन् उजेडात धरे. ही पाटणबोरीची, हिचं अजून जमलं नाही. ही मुकुटबनची, हिचा बाप तीनदा येऊन गेला. ज्याले तो झाकण समजत होता, त्याचाच शिक्का झाला होता. सव्वाशे पोरीच्या कपाळावर यानं आपल्या हातानं शिक्का मारला, अन् तोही टाचणीच्या टोकानं, दोन दोन घंटे बसून. मले त्याची कीव आली. रागही आला. पण तवा कीव जास्त होती, म्हणून मी गप बसली. तवाच बोलाचं होतं.

मैत्रेयी मात्र गप बसली नाही. सकाळी उठली, कामावर जाचा साधा ड्रेस घातला, सलीलच्या दुकानात गेली अन् कलर फोटो काढून आणला. पावडर नाही, काही नाही. जशी हाय तशी, काळी कुळकुळीत, हसून राह्यलेली. बापाच्या हातात दिला.

"हा द्या बापूजीले," म्हणे. "त्याईले सांगा, पोरगी अशी हाय. पटली तर या, नाहीतर राम राम, जयभीम, काय म्हणाचं ते म्हणा."

बळीरामनं फोटो खिशात टाकला. "देतो," म्हणे.

अन् पंधरा दिवसानं निरोप आला. फोटो पटला. इतवारी येतो.

त्या दिवशी माही पोरगी स्वैपाकखोलीत उभी राहून रडली. तिले मी लहानपणी ताप येई तवा रडतानी पाह्यलं होतं, त्याच्यानंतर तवाच. म्हणे, "माय, त्याईनं मले पाहून हो म्हणलं वं. मले पाहून." मी तिची नजर काढली. असलं आमच्यात मानत नाहीत, पण काढली. बळीराम दारात उभा होता. त्यानं आमच्याकडं पाह्यलं अन् चप्पल घालून बाहेर निघून गेला. मले वाटलं, त्यालेही रडू आलं असन.

इतवारी पाहुणे आले. नंदाबाई, संघदीप अन् बापूजी. आम्ही लाडू केले होते, चिवडा केला होता. मैत्रेयी पाणी घेऊन आली, जयभीम घातला अन् समोर बसली. ताठ. डोळे खाली नाहीत का काही नाही. कायले खाली घालन? पाहूनच तर आले होते.

नंदाबाईनं तिच्याकडं पाह्यलं. मंग माह्याकडं. मंग पर्समधून फोटो काढला, एकदा फोटोकडं पाहे, एकदा पोरीकडं.

"मोठी बहीण हाय काय ही?" तिनं विचारलं.

मी उठून तिच्या हातातून फोटो घेतला. तो सलीलचा फोटो नव्हता. तो निळ्या साडीचा होता, बळीरामच्या हातचा. अन् तोंड करडं नव्हतं. गुलाबी होतं. गाल, कपाळ, गळा, हाताची बोटं, सगळं त्या ट्यूबीतल्या रंगानं रंगवलेलं, इतक्या निगुतीनं की कुठं रेष सुटली नव्हती, नंदाबाईले तो दुसराच, कलर फोटो वाटला असन. पंचवीस वर्षं न वापरलेलं ट्यूब. ते वाळून गेलं असन, त्याले टर्पेंटाइन घालून मऊ केलं असन, माह्याच डब्यातला कापूस घेतला असन. हे सगळं माह्या डोळ्यापुढं एका क्षणात उभं राह्यलं अन् माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली.

मैत्रेयीनं फोटो माह्या हातातून घेतला. पाह्यला. बापाकडं वळून म्हणे, "मी दिलेला कुठं हाय?"

बळीरामनं चिवड्याचं ताट पाहुण्याईकडं सरकवलं.

"बाबा, मी दिलेला फोटो कुठं हाय?"

"त्याईनं पाह्यला असता तर आलेच नसते," तो म्हणे. जमिनीकडं पाहून. "इथं येऊन तुले पाह्यली, तुह्याशी बोलले, की पटन असं वाटलं."

संघदीप चुळबुळला. मास्तर होता, काहीतरी चांगलं बोलावं वाटलं असन त्याले. "तसं काही नाही, आई..." एवढंच म्हणाला. मायनं त्याच्याकडं पाह्यलं अन् तो लाडवाकडं पाहाले लागला. मैत्रेयी उठली. तिनं फोटो नंदाबाईच्या पर्सपाशी ठेवला.

"न्या हा," म्हणे. "सून म्हणून हीच पाहिजे ना तुम्हाले? हिले न्या. मी नाही येत."

ते गेले. बापूजी पाठीमागं पाहत पाहत गेले. मी बळीरामले काय काय बोलली ते इथं सांगत नाही, शेजारच्याईनं ऐकलं, तेवढं बस झालं. पण एक गोष्ट मी बोलली नाही अन् तीच मले आतून खाऊन राह्यली होती. पंचवीस वर्षं मले ब्लॅक अँड व्हाइटमधी काढलं, ते जीव होता म्हणून नाही. 'तू त्याच्यातच चांगली दिसतं.' झेंडूले रंग दिला अन् मले झाकलं. अन् मी मूर्ख, ते काचेत लावून घेतलं! दुसऱ्या दिवशी मी तो फोटो काचेतून काढून मागं कपाटाच्या आड टाकला. त्यानं विचारलं नाही.

मैत्रेयीनं मुकुटबनकडच्या उपकेंद्रात नोकरी धरली. त्याच्यानंतर तिनं बापाले आपला फोटो काढू दिला नाही. ओळखपत्राचाही नाही, तो सलीलकडं काढला. घरी येई, बापाच्या गोळ्या आणे, बीपी पाहे, सगळं करे. बोले मात्र तेवढ्यापुरतं. लग्न केलं नाही. लोक म्हणतात जमलं नाही, ती म्हणते केलं नाही. बळीरामनं रंगाची पेटी बांधून वर टाकली ती टाकलीच. पुढची चार वर्षं तो नुसते पासपोर्ट काढत बसला. दोन-तीनदा तिच्यापुढं तोंड उघडाले गेला अन् 'जेवली काय?' एवढंच विचारून राह्यला. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात दुकानातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले फोटो लागते. तवा ध्यानात आलं, सव्वाशे पोरीचे फोटो काढणाऱ्या ह्या माणसाचा घरात एक कलर फोटो नाही. सदा कॅमेऱ्याच्या मागं. एकच सापडला, चंद्रशेखरबाबूनं कधीतरी काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट. आणखी कुठं असन म्हणून मी वरची रंगाची पेटी खाली काढली. ट्यूबाच्या खाली, कापसाच्या घडीत, मैत्रेयीचा तो फोटो होता. सलीलकडचा. काळी कुळकुळीत, हसून राह्यलेली. फाडला नव्हता, फेकला नव्हता, चार वर्षं कापसात जपून ठेवला होता. जपता येत होतं ना बाबा तुले, मंग दाखवता काहून नाही आलं?

मी अन् मैत्रेयी सलीलच्या दुकानात गेलो. त्यानं बापाचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला, डाग काढले, मोठा केला.

"काकांचा फोटो हाय तर त्यांच्याच पद्धतीनं करू," सलील म्हणे. "सगळं ब्लॅक अँड व्हाइट ठेवतो अन् एकच गोष्ट रंगीत. शर्ट करू काय? निळा?"

"तोंड," मैत्रेयी म्हणे.

"हां?"

"तोंड रंगीत कर. बाकी कायलेच रंग देऊ नको."

"पण ताई, रंग कुठून घेऊ? काकांचा कलर फोटोच नाही. अंदाजानं टाकू काय?"

मैत्रेयीनं पर्समधून तो आपला फोटो काढला अन् त्याच्यापुढं ठेवला. "अंदाज नको. माह्या गालाचा घे," म्हणे. "मी त्याचीच पोरगी हाव."

सलीलनं फोटो मशिनीत घातला, तिच्या गालावरचा रंग उचलला अन् बापाच्या तोंडावर टाकला. पह्यले कपाळ भरलं, मंग नाक, मंग गाल. पडद्यावर बळीराम हळूहळू काळा होत गेला अन् मी एकोणतीस वर्षं ज्याच्यासंगं संसार केला तो माणूस पह्यल्यांदा फोटोत दिसला. मैत्रेयी रडली नाही. म्हणे, "ह्या रंगाची लाज वाटत होती त्याले. आता राहू दे भिंतीवर." मी रडली. त्याच्यासाठी रडली की माह्यासाठी, ते मले आजही सांगता येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी फोटो पांढऱ्या चादरीवर ठेवला, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. लोक एकेक करून फुलं वाहून गेले. शेवटी बापूजी आले. काठी टेकत उभे राह्यले, बराच वेळ फोटोकडं पाह्यलं, चष्मा पुसून आणखी पाह्यलं. मंग माह्या जवळ सरकून हळूच म्हणे,

"कौसल्या, फोटो चांगला झाला वं. पण सलीलले सांगाचं होतं ना, जरा उजळ कर म्हणून."

मैत्रेयी बाजूलेच उभी होती. तिनं ऐकलं. मी बापूजीच्या हातात फूल दिलं अन् म्हणली, "वाहा तुम्ही. अन् जेवून जा."